कॅलिफोर्नियात पॅरालीगल व्हायचंय? कम्युनिटी कॉलेजपासून सुरुवात कशी करायची

जोडीदाराच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलेल्या मराठी मंडळींकडे घरची पदवी असतेच: बी.कॉम., बी.ए., कधी एलएल.बी.सुद्धा. कायद्याची आवड असते, पण लॉ स्कूलची तीन वर्षं आणि तिथली फी बघून बहुतेकजण तो विचारच सोडून देतात. अशांसाठी पॅरालीगलचं शिक्षण हा चांगला रस्ता आहे. तो कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे कमी फीच्या सरकारी कॉलेजमधून, गेला तर खिशालाही परवडतो. इथलं सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे, कारण या बाबतीत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत आणि माझं काम इथलं आहे.

पॅरालीगल वकिलाच्या देखरेखीखाली कायद्याचं प्रत्यक्ष काम करतो. कायद्याचं संशोधन, दाव्याच्या कागदांचे मसुदे, अशिलाकडून माहिती घेणं, साक्षीदारांशी बोलणं, हजारो पानांच्या कागदपत्रांची छाननी, तारखा सांभाळणं. आपल्याकडे वकिलाच्या ऑफिसातल्या कारकुनाचं जे चित्र डोळ्यांपुढे येतं, त्यापेक्षा ही जबाबदारी बरीच मोठी आहे. पण कोर्टात अशिलाच्या वतीने उभं राहता येत नाही, कायदेशीर सल्ला देता येत नाही, फी ठरवता येत नाही. यातल्या सल्ल्याच्या मुद्द्यावर पुढे पुन्हा येईन.

पैसे भरण्याआधी कलम ६४५० वाचा

कॅलिफोर्नियात पॅरालीगलसाठी सरकारी परवाना नसतो. त्यामुळे कुणीही स्वतःला पॅरालीगल म्हणवून घेऊ शकतं असा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. इथल्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम ६४५० मध्ये पात्रता ठरवून दिलेली आहे. ती नसताना पॅरालीगल म्हणून मिरवणं बेकायदेशीर आहे.

आज नव्याने येणाऱ्यासाठी तीन वाटा उघड्या आहेत. पहिली, अमेरिकन बार असोसिएशनची, म्हणजे एबीएची मान्यता असलेल्या पॅरालीगल कोर्सचं सर्टिफिकेट. दुसरी, मान्यताप्राप्त कॉलेजमधलं असं सर्टिफिकेट किंवा पदवी, जिच्यात कायद्याच्या विषयांचे किमान २४ सेमिस्टर युनिट (युनिट म्हणजे क्रेडिट) पूर्ण करावे लागतात. तिसरी, कुठल्याही विषयातली पदवी, वकिलाच्या हाताखाली कायद्याच्या कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव आणि त्या वकिलाने लेखी दिलेलं निवेदन की ही व्यक्ती पॅरालीगलचं काम करायला पात्र आहे. तो वकीलही किमान तीन वर्षं प्रॅक्टिस करत असलेला हवा.

तिसरी वाट पदवीधरांना मोहात पाडते. पण अनुभव नसलेल्या माणसाला वर्षभर कामावर ठेवणारा वकील आधी मिळाला पाहिजे, आणि तो सहजासहजी मिळत नाही. पहिली किंवा दुसरी वाट धरा, असंच मी सांगेन. ऑनलाइन जाहिराती करणारे 'सहा आठवड्यांत पॅरालीगल' छापाचे कोर्स या दोन्हींत बसतात का, हे एकच तपासा. २४ युनिट सहा आठवड्यांत होत नाहीत.

एबीएची मान्यता सक्तीची नाही. १९७५ पासून एबीए पॅरालीगल कोर्सना मान्यता देते आहे आणि मोठ्या फर्म्स तिला महत्त्व देतात. लहान ऑफिसांत त्यावाचून फारसं अडत नाही. कॉलेज निवडताना एबीएच्या वेबसाइटवरची यादी स्वतः उघडून बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या 'एबीएच्या निकषांनुसार' अशा शब्दांवर विसंबू नका.

तुमच्याकडे सनद असेल तर

बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद असलेल्यांनी इथे थोडं थांबावं. भारतात वकील म्हणून नोंद असेल आणि ती चालू स्थितीत असेल, तर कॅलिफोर्निया तुम्हाला आणखी कायद्याचं शिक्षण न घेता थेट बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला, बसू देते. परीक्षा अवघड आहे, तयारीला महिने लागतात. पण हा दरवाजा उघडा आहे हे ठाऊक नसल्यामुळे काही वकील मंडळी पॅरालीगलच्या वर्गात येऊन बसतात. दोन्ही पर्याय समोर ठेवून मग ठरवा. इथली कोर्टाची रीत कळावी, ओळखी व्हाव्यात म्हणून आधी पॅरालीगलचं काम करून मग बार देणं हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. नुसतं एलएल.बी. झालंय, सनद घेतलेली नाही, अशांना मात्र इथे आणखी शिक्षण लागतं.

व्हिसा

एच-४ वर, म्हणजे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. पूर्ण वेळ किंवा अर्ध वेळ शिकता येतं. प्रश्न कामाचा आहे. २०१५ च्या नियमानुसार, एच-१बी असलेल्या जोडीदाराची ग्रीन कार्डाची आय-१४० याचिका मंजूर झाली असेल, किंवा त्याला सहा वर्षांच्या पुढची मुदतवाढ मिळाली असेल, तर एच-४ वरच्या व्यक्तीला कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मागता येतो. एल-२ वरच्या, म्हणजे कंपनीने बदलीवर अमेरिकेत पाठवलेल्यांच्या, जोडीदारांना नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं. परवाना नसताना 'बिनपगारी तर आहे' म्हणून एखाद्या फर्ममध्ये इंटर्नशिप धरू नका. कोर्सचा शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी इंटर्नशिपचा असतो, म्हणून हा प्रश्न इमिग्रेशन वकिलाला प्रवेश घेण्याआधीच विचारा.

भारतातून फक्त पॅरालीगल सर्टिफिकेटसाठी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येण्याचा विचार असेल, तर मी स्पष्टपणे नको म्हणेन. फी परदेशी विद्यार्थ्याची लागेल, आणि पॅरालीगलच्या नोकरीला विशिष्ट विषयातली पदवी आवश्यक धरली जात नसल्याने त्यावर एच-१बी मिळणं फार अवघड जातं. हा रस्ता इथे आधीपासून राहणाऱ्यांचा आहे.

खर्चाचा हिशोब

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. राज्याचा रहिवासी असलेल्याला फी पडते सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर. काही कॉलेजं, उदाहरणार्थ क्युपर्टिनोचं डी अँझा, वर्षाचे सेमिस्टर न करता क्वार्टर करतात. तिथे युनिटला ३१ डॉलर. २४ सेमिस्टर युनिट म्हणजे ३६ क्वार्टर युनिट. म्हणजे ही फी साधारण अकराशे डॉलर होते, कॉलेज कुठलंही असो. पूर्ण कोर्सचे युनिट याहून जास्त असू शकतात, शिवाय पुस्तकं, हेल्थ फी, पार्किंग. तरीही खासगी संस्थांच्या आकड्यांशी याची तुलनाच होत नाही.

मात्र हे सगळं रहिवाशासाठी. नुकतेच आलेले असाल तर अनिवासी म्हणून युनिटमागे आणखी काहीशे डॉलर द्यावे लागतात, आणि तोच अकराशेचा हिशोब कित्येक पटींनी वाढतो. रहिवासी ठरण्यासाठी सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात प्रत्यक्ष राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांनी दाखवावा लागतो: ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचं टॅक्स रिटर्न, भाडेकरार. एच-४ वर असलेल्यांनाही असं रहिवासी ठरता येतं. एफ-१ आणि पर्यटक व्हिसावर नाही. म्हणून नवीन आलेल्यांना माझा सल्ला, पहिल्या वर्षी घाई करू नका. इंग्रजी लेखन घोटवा, कागद गोळा करा, आणि वर्ष भरल्यावर नाव घाला.

फेडरल आर्थिक मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांसारख्या पात्र व्यक्तींनाच मिळते. उत्पन्न कमी असेल तर राज्याच्या कॉलेज प्रॉमिस ग्रँटमधून युनिटची फी माफ होऊ शकते. कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात जाऊन विचारायला लाजू नका.

प्रवेश

अर्ज फुकट आहे. ओपन-सीसीसी खातं उघडायचं, सीसीसी-अप्लाय या संकेतस्थळावर कॉलेज निवडून फॉर्म भरायचा, की काही दिवसांत विद्यार्थी क्रमांक येतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. मधलं नाव, आडनाव यांची अदलाबदल इथे झाली की ती सर्टिफिकेटपर्यंत पाठ सोडत नाही.

त्यानंतर काउन्सेलरची वेळ घ्या आणि एज्युकेशन प्लॅन बनवून घ्या. इथे भारतातली पदवी कामाला येते. आधीची पदवी असेल तर ६० युनिटांची असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) करायची गरज बहुधा नसते, सर्टिफिकेट पुरतं. पण ती पदवी अमेरिकन पदवीशी जुळते का, याचं मूल्यमापन नेसेस या मूल्यमापन संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून, उदाहरणार्थ डब्ल्यूईएसकडून, करून घ्यावं लागतं. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टला वेळ लागतो. मुंबई, पुणे, शिवाजी, नागपूर, कुठलंही विद्यापीठ असो, भारताच्या फेरीत हे काम आधी उरका. नातेवाइकांच्या गाठीभेटी मग.

काउन्सेलरला एक प्रश्न नक्की विचारा: हे सर्टिफिकेट कलम ६४५० ची अट पूर्ण करतं का, आणि त्यातल्या कुठल्या उपकलमाखाली? उत्तर लेखी, निदान ईमेलवर घ्या. याच पेशात चाललाय, तर ही सवय आजपासूनच लावून घ्या.

वर्गात काय असतं

सुरुवातीला पॅरालीगलची ओळख आणि व्यावसायिक नीतिनियम, मग कायद्याचं संशोधन आणि लेखन, दिवाणी दाव्याची प्रक्रिया, करार, नुकसानभरपाईचे दावे, ऑफिसातलं तंत्रज्ञान. पुढे आवडीप्रमाणे इमिग्रेशन, कौटुंबिक कायदा, मृत्युपत्रं आणि ट्रस्ट, मालमत्ता. वर्ग बरेचदा संध्याकाळचे किंवा ऑनलाइन असतात, म्हणून लहान मुलं असलेल्यांनाही जमतात.

लेखनाचा वर्ग आपल्या लोकांना सगळ्यात जड जातो. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. इथे लागतं ते इंग्रजी वेगळं आहे. भारतात आपण अर्जात 'सविनय सादर' पद्धतीने गोल गोल लिहायला शिकतो. इथे पहिल्याच वाक्यात मुद्दा हवा असतो. प्रश्न काय, नियम कुठला, तो या घटनेला कसा लागू पडतो, निष्कर्ष काय, हा क्रम सुटला की मार्क गेले. त्यासोबत निकालांचे संदर्भ देण्याची शिस्त येते. कॅलिफोर्नियाची कोर्टं ब्लूबुक किंवा कॅलिफोर्निया स्टाइल मॅन्युअल यांपैकी कुठलीही पद्धत चालवून घेतात, पण एका कागदात एकच हवी.

संशोधन वेस्टलॉ किंवा लेक्सिस या कायद्याच्या ऑनलाइन डेटाबेसवर शिकवतात. कॉलेजमधून ते वापरायला मिळतं त्या काळात हात साफ करून घ्या, नंतर स्वतःच्या पैशाने ते परवडत नाही. एआयबद्दलही बोललं पाहिजे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माटा विरुद्ध एव्हियांका या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. संदर्भाचा प्रत्येक निकाल स्वतः उघडून वाचणं हे आता पॅरालीगलच्या कामाचं मोठं अंग झालं आहे.

तारीख कशी मोजतात

दिवाणी प्रक्रियेच्या वर्गातली ही एक गोष्ट जवळून दाखवते, कारण पॅरालीगलची खरी किंमत इथे कळते.

समजा समोरच्या पक्षाने तुमच्या अशिलाला इंटरॉगेटरीज, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवले. कॅलिफोर्नियाच्या राज्य कोर्टात उत्तराची मुदत ३० दिवसांची. प्रश्न ५ मार्चला, गुरुवारी, हातोहात बजावले गेले. पहिला दिवस धरायचा नाही, शेवटचा धरायचा. ३० वा दिवस येतो ४ एप्रिल, शनिवार. सुटीच्या दिवशी मुदत संपत नाही, म्हणून ती जाते सोमवार, ६ एप्रिलवर. हेच प्रश्न कॅलिफोर्नियातूनच टपालाने पाठवले असते तर आणखी पाच दिवस मिळाले असते: ९ एप्रिल, गुरुवार. ईमेलने बजावले असते तर दोन दिवस वाढले असते, आणि तेही कोर्ट चालू असलेले दिवस. म्हणजे पाकीट कसं आलं यावर तारीख ठरते. म्हणून सगळ्यात आधी वाचायचं ते शेवटचं पान, बजावणीचा पुरावा.

आणि तारीख चुकली तर? मुदतीत उत्तर गेलं नाही की त्या प्रश्नांवर हरकत घ्यायचा हक्कच जातो, वकील आणि अशील यांच्यातली गोपनीयता या हरकतीसकट. ऑफिसात कॅलेंडरची सॉफ्टवेअर्स असतात. पण त्यात 'टपाल' की 'हातोहात' हे माणूसच भरतो. सराव म्हणून घरच्या कॅलेंडरवर अशा वीसेक तारखा काढून बघा. फेडरल कोर्टाचे नियम आणखी वेगळे आहेत: राज्य कोर्टात दाव्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, फेडरलमध्ये साधारणपणे २१.

'जरा एवढा फॉर्म बघ ना'

कॉलेजात नाव घातल्याची बातमी मंडळाच्या गणपतीत पसरली, की विचारपूस सुरू होते. कुणाच्या वहिनींचा ग्रीन कार्डाचा फॉर्म, कुणाच्या काकांचा घरमालकाशी तंटा, कुणाचं मृत्युपत्र. आपल्यात एकमेकांना मदत करायची रीत आहे आणि ती चांगली आहे. पण इथे थांबावंच लागतं.

कलम ६४५० नुसार पॅरालीगल आपल्या देखरेख करणाऱ्या वकिलाव्यतिरिक्त इतर कुणासाठीही कायद्याचा कागद निवडू शकत नाही, समजावू शकत नाही, तयार करू शकत नाही, तो वापरा असं सुचवू शकत नाही. परवान्याशिवाय वकिली करणं हा कॅलिफोर्नियात फौजदारी गुन्हा आहे. पहिल्या वेळीसुद्धा एक वर्षापर्यंत काउंटीच्या (जिल्ह्याच्या) तुरुंगात कैद किंवा १,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे घेतले नाहीत म्हणून सुटका होईल असं समजू नका. शिवाय चुकीच्या सल्ल्याने त्या वहिनींचा व्हिसा अडकला तर ती जखम कशानेही भरून येत नाही.

मग नाही कसं म्हणायचं? माणूस न दुखावता म्हणता येतं: 'काका, मला यावर सल्ला द्यायची परवानगी नाही. काउंटीच्या कोर्टात सेल्फ-हेल्प सेंटर असतं, तिथे फुकट मदत मिळते. इमिग्रेशनचं असेल तर वकिलांचे नंबर काढून देते.' इतकं केलं तरी मदत केल्यासारखंच आहे.

लोकांचे फॉर्म स्वतंत्रपणे भरून देण्याचा व्यवसाय करायचा असेल, तर त्यासाठी लीगल डॉक्युमेंट असिस्टंट हा वेगळा प्रकार आहे. त्याची काउंटीत नोंदणी होते, २५,००० डॉलरचा बाँड लागतो, आणि सल्ला तरीही देता येत नाही. इमिग्रेशनच्या फॉर्मचे नियम त्याहून वेगळे.

मराठी जिथे कामी येते

इमिग्रेशन आणि वारसाहक्काच्या ऑफिसांत मराठी जाणणारी व्यक्ती सोन्यासारखी असते. कारण आपल्या नावांची घडण. एका बाईंची कल्पना करा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मधे वडिलांचं नाव. लग्नाच्या दाखल्यानंतर पहिलं नावसुद्धा बदललेलं, मधे नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. जन्माची नोंद गावात उशिरा झालेली, गावाचं नाव तालुक्याच्या नावाने लिहिलेलं. अमेरिकन वकिलाला ही चार माणसं वाटतात. ती एकच व्यक्ती आहे हे तक्त्यात मांडून दाखवणं, कुठला दाखला आणि कुणाचं प्रतिज्ञापत्र मागवायचं याची यादी वकिलापुढे ठेवणं, हे काम तुम्ही करू शकता.

मराठी कागद यूएससीआयएसला, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला, द्यायचा तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. सोबत भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि आपण ते करायला सक्षम आहोत, असं भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदनही लागतं. 'संपूर्ण' या शब्दाला महत्त्व आहे. शिक्क्यातला मजकूर, समासातली शाईची नोंद, तलाठ्याचा शेरा, सगळं. सातबारा असेल तर 'इतर अधिकार' या रकान्यातलं एकही नाव गाळू नका. वारसाच्या प्रकरणात नेमकं तिथेच काहीतरी असतं.

पहिली नोकरी

सत्र चालू असतानाच कोर्टात जाऊन बसा. सॅन होजेत सँटा क्लारा काउंटीच्या सुपिरिअर कोर्टातल्या बहुतेक सुनावण्या कुणालाही बघता येतात. कायदेशीर मदत देणाऱ्या ना-नफा संस्थांत स्वयंसेवक म्हणून जा, मात्र व्हिसाचं वर लिहिलंय ते लक्षात ठेवून. बायोडेटात भारतातला अनुभव लपवू नका. बँकेत कर्जाची प्रकरणं तपासली असतील, सीएच्या ऑफिसात ऑडिट केलं असेल, तर कागद वाचायची तुमची नजर तयार आहे. मुलाखतीत ते उदाहरणासकट सांगा. लेखनाचा नमुना बहुधा मागतातच. वर्गात लिहिलेला एखादा मेमो नावं बदलून, नीट तपासून हाताशी ठेवा.

पगाराचा अंदाज हवा असेल, तर फेडरल कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२४ मध्ये देशभरातल्या पॅरालीगल आणि लीगल असिस्टंटचा मध्यम पगार वर्षाला सुमारे ६१ हजार डॉलर होता. सुरुवात याहून कमीवर होते. नवीन जागांची संख्या झपाट्याने वाढण्याची चिन्हं नाहीत, म्हणून एक विषय धरून त्यात पक्कं व्हा. इमिग्रेशन, वारसाहक्क, किंवा खटल्यांतली इलेक्ट्रॉनिक कागदपत्रं. यातल्या शेवटच्या कामात आयटीतून आलेल्यांना चांगली संधी आहे.

नाला या पॅरालीगलांच्या संघटनेची सर्टिफाइड पॅरालीगल परीक्षा ऐच्छिक आहे. तिचे दोन भाग आहेत, एक ज्ञानाचा आणि एक लेखन-कौशल्याचा. कॉलेज संपल्यावर अभ्यास ताजा असतानाच द्यावी. आणि नोकरी लागल्यावर दर दोन वर्षांनी चार तास नीतिनियमांचं आणि चार तास कायद्याचं शिक्षण पूर्ण करणं कलम ६४५० नुसारच बंधनकारक आहे. ते पूर्ण केल्याचं तुमच्या वकिलाला कळवायचं असतं आणि नोंद तुम्हीच ठेवायची असते. पहिल्या दिवशीच एक फोल्डर उघडा, त्यात कॉलेजचं सर्टिफिकेट, ट्रान्सक्रिप्ट आणि काउन्सेलरचा तो ईमेल ठेवा. पुढची प्रमाणपत्रं तिथेच जमा होतील.